नानांची सही आणि तीन तऱ्हेचं रेझिन

नानांनी बँकेत अंगठा द्यायला साफ नकार दिला आणि काठी आपटत घर गाठलं. त्याच आठवड्यात चित्रकलेच्या बाईंच्या घरातून वास यायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं पुढे इमारतीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. काहींनी लेखी विचारलं. तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

नाना म्हणजे बाईंचे सासरे. सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. लोकांनी आणलेली नक्कल मूळ कागदाबरहुकूम आहे, असं स्वतःच्या सहीनं जाहीर करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. म्हणजे दुसऱ्यांचं खरंखोटं नानांच्या सहीवर ठरायचं. आणि सहीही तशीच तालेवार. सुरुवातीला भलामोठा वळसा, मध्ये अक्षरांची दाटीवाटी, आणि शेवटचं अक्षर झालं की तिथूनच मागे फिरून सगळ्या सहीवर छत्रीसारखी धरलेली एक रेघ.

अलीकडे मात्र नानांच्या बोटांचे सांधे आखडले होते. बारीक पेन चिमटीत राहीना, राहिलं तर दाबलं जाईना. छत्री वाऱ्यानं उलटी झाल्यासारखी दिसायची.

बँकेत हयातीच्या दाखल्यावर त्यांनी ती उलटी छत्री काढली. काउंटरवरच्या मुलीनं ती कार्डावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि मान हलवली.

"आजोबा, सही जुळत नाही."

"मी समोर बसलोय."

"ते मला दिसतंय हो. पण सहीवरून दिसत नाही. तुम्ही अंगठा देऊन टाका ना, पटकन होईल."

बाई शेजारीच उभ्या होत्या. नानांचा चेहरा त्यांनी पाहिला आणि या मुलीनं आता आणखी काही बोलू नये असं त्यांना फार वाटलं. पण मुलगी मनानं चांगली होती, त्यामुळे ती बोललीच. "खूप लोक देतात," ती म्हणाली.

नाना उठले. महिनाअखेरपर्यंत दाखला गेला नाही तर निवृत्तिवेतन थांबेल, हे मुलीनं त्यांच्या पाठीला सांगितलं.

घरी आल्यावर बाईंनी जाहीर केलं, "नाना, तुमचा हात बिघडलेला नाही. पेन बारीक आहे. मी जाड करून देते."

हे त्या उगाच बोलल्या नव्हत्या. शाळेच्या हस्तकलेच्या वर्गातून भंगारात निघालेलं एक छोटं लेथ त्यांनी घरी आणून गॅलरीत बसवलं होतं. लाकडाची कांडी त्यावर गरगर फिरवायची आणि छिन्नी लावून हवा तो आकार काढायचा. भोवरे, कपाटाच्या मुठी, जिन्याच्या कठड्याचे गोळे असा बराच माल आजवर तयार झाला होता. घराला जिना नव्हता, पण गोळे होते.

त्यांनी लाकडाचं जाडजूड पेन केलं. नानांनी ते हातात तोललं आणि म्हणाले, "याच्यानं सही करायची की पोळ्या लाटायच्या?" आणि मग, विचारलेलं नसताना, "पेन काळं असतं. फार तर गडद हिरवं. आत ढग असल्यासारखं."

तसं पेन लाकडाचं होत नाही. त्यासाठी रेझिन लागतं. हे द्रव असतं, त्यात दुसरं एक द्रव घातलं की ते घट्ट होतं, आणि रंग घालून साच्यात ओतलं की हवी तशी कांडी मिळते. इतकं बाईंना माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं बरंच होतं.

होड्या आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून त्यांनी पहिलं रेझिन आणलं, पॉलिएस्टरचं. दुकानदार म्हणाला, "एकदम काचेसारखं होतं बघा." वासाबद्दल तो काही बोलला नाही. स्वतः त्याच वासात बसलेला असल्यामुळे त्याला तो येतच नसावा.

बाईंनी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे करून आतून मेण लावलं, हिरवा आणि काळा रंग कालवला, हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं दुसरं द्रव, जरा सढळ हातानं घातला आणि गॅलरीत ओतकाम केलं. अर्ध्या तासात वास जिन्यात पोचला. तिथून तो मजल्यामजल्यानं, बेल न वाजवता, घराघरात शिरला. समोरच्या काकूंनी गॅस गळतोय असं ठरवून कंपनीला फोन केला, आणि माणूस येईपर्यंत सगळी इमारत खाली फाटकापाशी उभी केली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक लुंगीवर होते. त्यांनी नंतर दोन-तीन दिवस बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

गॅसवाला आला. हातात टुकटुक वाजणारं यंत्र. त्यानं घराघरातल्या ओट्याखाली ते फिरवलं. बाईंच्या घरात काही निघालं नाही. काकूंच्या घरात निघालं. गॅस गळत नव्हता, पण नळीची मुदत कधीच संपली होती. त्यानं काकूंचा गॅस बंद करून मोहोर लावली.

"अहो पण वास तिच्याकडून येतोय," काकू म्हणाल्या.

"वास आमच्याकडे येत नाही," तो म्हणाला. "नळी आमच्याकडे येते."

नव्या नळीसाठी अर्ज करायचा, अर्जाला पत्त्याचा पुरावा जोडायचा, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून गॅसचं चालू बिल द्यायचं, जे गॅस बंद असल्यामुळे चालू धरता येत नव्हतं. तोवर काकू रोज बाईंच्या ओट्यावर स्वयंपाक करायला येऊ लागल्या. बाईंना नाही म्हणायला तोंड नव्हतं. काकूंना ते होतं, आणि ते दिवसभर चालायचं.

कांडी मात्र काचेसारखी झाली. अगदी काचेसारखीच. लेथवर छिन्नी टेकवताच तिचे तुकडे झाले. एक तुकडा खिडकीवर आपटला, एक नानांच्या चहात पडला. नानांनी तो चमच्यानं बाहेर काढून बशीच्या कडेला ठेवला. "रंग बरोबर आहे," ते म्हणाले आणि चहा प्यायले नाहीत.

तेव्हा वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी जिन्यात गाठून सल्ला दिला. सल्ला ते नेहमी जिन्यातच देत, दोन पायऱ्या वर उभे राहून.

"पॉलिएस्टर? बाई, ते होड्यांना वापरतात. तुम्हाला होडी करायची आहे का?"

"नाही."

"मग पी.यू. घ्या. पॉलियुरेथेन. वास नाही म्हणण्याइतका, पटकन घट्ट होतं, तडकत नाही."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बाईंनी पी.यू. मागवलं. कुरिअरवाल्यानं 'ज्वलनशील असू शकते' एवढं वाचून पार्सल अडकवून ठेवलं. ते सोडवायला बाईंना त्यांच्या कचेरीत जाऊन, आपण ते पेटवणार नाही असं लिहून द्यावं लागलं. तिथला कारकून म्हणाला, "मग आणलंय कशाला?" बाईंनी पेनासाठी असं सांगितल्यावर त्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना वाटलं, पेटवायला आहे म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

साचे बाईंनी घासूनपुसून स्वच्छ धुतले. गृहिणीचा हात, दुसरं काय. दोन्ही द्रवं मगात मिसळली, अर्धं मिश्रण साच्यात ओतलं, आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली.

सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. बगलेत नोटिशींची वही. वासाबद्दल रहिवाशांनी केलेल्या तक्रारीवरून बाईंना नोटीस बजावण्यात येत होती.

"पोहोच म्हणून इथं सही करा," ते म्हणाले आणि स्वतःच्या खिशातलं सोनेरी पेन काढून त्यांनी बाईंच्या हातात दिलं. मग नोटीस वाचून दाखवायला सुरुवात केली. ती त्यांनी स्वतः लिहिली होती आणि त्यांना आवडली होती.

दुसऱ्या परिच्छेदाला बाईंना मगातलं मिश्रण आठवलं. "एक मिनिट हं," म्हणत त्या आत धावल्या. ते दाटत चाललं होतं. त्यांनी हातात जे होतं त्यानं ते घाईघाईनं ढवळायला घेतलं. हातात काय होतं हे लक्षात आलं तेव्हा ते निघत नव्हतं.

साच्यांतलं मिश्रण एव्हाना फुगून वर आलं होतं आणि फेसाळून गॅलरीच्या फरशीवर उतू चाललं होतं. बाई मग घेऊन दाराशी परत आल्या. मगात पेन ताठ उभं होतं.

सेक्रेटरींनी आधी मगाकडे, मग बाईंकडे पाहिलं. "हे मला जावयांनी दिलं होतं," ते हळू म्हणाले.

"निघालं की देते."

"कधी निघेल?"

बाईंनी खोटं बोलायचं टाळलं. सेक्रेटरी तो मग छातीशी धरून खाली गेले. नोटिशीवर सही झाली नाही, म्हणजे ती बजावली गेली नाही, हे त्यांच्या बहुधा पहिल्या मजल्यावर लक्षात आलं असावं, कारण तिथं पावलं जराशी थांबल्याचं ऐकू आलं.

"ओलावा चालत नाही पी.यू.ला," प्राध्यापक संध्याकाळी जिन्यात म्हणाले. "थेंबभर पाण्यानंसुद्धा फेसाळतं."

"हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"मी ते गृहीत धरलं होतं."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शाळेत मुलांना रंग कालवायला शिकवणाऱ्या बाईला दोन द्रवं कालवता येऊ नयेत, हे त्यांना फार लागलं. शिवाय महिना सरत आला होता.  नाना कोपऱ्यात बसून वर्तमानपत्राच्या कडेला बारक्या पेनानं सही करून बघत, आणि कोणी आलं की पान उलटत. बाईंनी ते एकदा पाहिलं होतं. त्यानंतर हा उद्योग सोडून देणं शक्य नव्हतं.

इथं बाईंच्या नवऱ्यानं प्रथमच लक्ष घातलं. ते विमा कंपनीत पाहणी अधिकारी होते. जळालेली गोदामं, बुडालेली तळघरं, कोसळलेली छपरं बघायची आणि नुकसान मुळात झालेलंच नाही असं शक्य तितक्या सभ्य भाषेत लिहायचं, असं त्यांचं काम. ते म्हणाले, "अगं, तू डब्यावरचं वाचतेस का?"

"तुम्ही वाचता ना सगळं."

"मी अपघात झाल्यावर वाचतो. यावेळी आधी वाचू."

तिसरं रेझिन इपॉक्सी होतं. त्याला वास नव्हता आणि घाईही नव्हती, कडक व्हायला ते एक दिवसाहून जास्त घेतं. प्रमाण वजनानं मोजायचं. अहोंनी वजनकाटा आणला, चष्मा पुसला, आणि औषध मोजावं तसं दोन्ही द्रवं मोजली. डब्यावरचं सगळं त्यांनी वाचलं होतं, फक्त एका वेळी थोडंच करावं ही मागच्या बाजूची ओळ किमतीच्या चिकटपट्टीखाली गेली होती. बाईंनी सगळी खटपट एकदाच व्हावी म्हणून मोठा प्लॅस्टिकचा मग भरून मिश्रण केलं आणि रंग आणायला आत गेल्या.

इपॉक्सी ढीगभर एका जागी राहिलं की स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं. तो मग आधी कोमट झाला, नंतर त्याला हात लाववेना, नंतर तो धुरायला लागला. त्याचं बूड वितळून फरशीला चिकटलं. बाईंनी वर मातीनं भरलेली कुंडी उपडी केली. कुंडीत काकूंनी ठेवायला दिलेलं रोप होतं.

अहो गॅलरीत आले, खाली वाकले, आणि सवयीनं म्हणाले, "कारण?"

"उत्साह," बाई म्हणाल्या.

त्यांनी चिकटपट्टी सोलून खालची ओळ वाचली. "हा दावा मी नामंजूर केला असता," ते म्हणाले. मग दोघंही खाली बसून हसत सुटले. आतून नानांनी काय झालं म्हणून विचारलं, तर दोघांचं हसू आणखीच वाढलं.

पण रेझिन सापडलं होतं, हे बाईंना त्या मगावरूनच कळलं. धुरकटलेला तो गोळा फोडायला गेल्या तर हातोडी उडाली. म्हणजे तडकत नव्हतं. आता थोडं थोडं करायचं, द्रव कोमट पाण्यात ठेवून पातळ करायचं, अरुंद साच्यात बारीक धारेनं ओतायचं, आणि हात बांधून बसायचं. बुडबुडे आपापले वर येऊन फुटत. हात बांधून बसणं तेवढं सगळ्यात अवघड होतं.

कारण कांडी कडक होतेय का, हे बघायला इमारत लोटली. प्राध्यापक पहिल्यांदाच पायऱ्या उतरून घरात आले. काकू तर भाजीला फोडणी देता देता दर थोड्या वेळानं गॅलरीत चक्कर टाकत. तिसऱ्या दिवशी साचा उघडला तर सुंदर हिरव्याकाळ्या कांडीच्या वरच्या टोकाला एक खोलगट ठसा होता. रेषान् रेषा उमटलेला.

"मी फक्त जरा दाबून पाहिलं," काकू म्हणाल्या.

नानांनी कांडी डोळ्याजवळ नेली. "म्हणजे अंगठा शेवटी आलाच," ते म्हणाले.

कित्येक दिवसांनी ते हसले होते. बाईंनी ठशाचा भाग करवतीनं कापून टाकला. उरली ती कांडी पुरेशी होती.

जाडी किती ठेवायची, ते मात्र त्यांनी कोणाला विचारलं नाही. शाळेतून मऊ शाडूचा गोळा आणला, लांबट करून नानांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नाना, पेन धरता तसा धरा. जोर लावू नका." नानांच्या वाकड्या बोटांनी त्या मातीत आपापली जागा केली. बाईंनी ती माती समोर ठेवली आणि लेथ सुरू केलं. छिन्नी लागली आणि रेझिनची लांबच लांब, हिरवी, भुरभुरती फीत निघाली. तुकडा नाही, कचका नाही. फीत बाईंच्या केसांत अडकली, अहोंच्या चपलेत गेली, दिव्यावर लोंबली. बाई थांबल्या नाहीत. बोटांच्या जागी हलका खड्डा, मागे फुगीर, पुढे निमुळतं. मग आधी खरखरीत कागद, मग बारीक कागद, मग ओलं फडकं. पाणी लागलं तसे आतले ढग वर आले.

दाबावं लागू नये म्हणून त्यांनी त्यात नानांच्याच जुन्या शाईच्या पेनाची निब बसवली. निब नुसती टेकली की चालते.

नाना पेन हातात घेऊन बसले होते आणि कागद शोधत होते, तेवढ्यात सेक्रेटरी आले. वही तीच, नोटीस तीच. पेन साधं होतं आणि ते त्यांनी या वेळी दोरीनं वहीला बांधून आणलं होतं.

"बाईंची सही हवी," ते दारातूनच म्हणाले.

"घराचा कर्ता मी आहे," नाना म्हणाले. "इकडे आणा."

त्यांनी नोटीस सावकाश वाचली. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग खाली लिहिलं, 'मिळाली. मान्य नाही.' आणि हात किंचित उचलून सही केली. वळसा, दाटीवाटी, आणि मागे फिरून सगळ्यावर डौलात धरलेली छत्री.

 अहोंनी चष्मा काढून पुसायला घेतला, जो स्वच्छ होता. सेक्रेटरी सहीकडे बघत राहिले. "अक्षर मात्र सुरेख आहे हो," ते म्हणाले आणि वही मिटायला त्यांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून बँकेत गेले. बाई बरोबर होत्या. अहो कामाचं निमित्त काढून बरोबर होते. काकू नळीच्या अर्जासाठी वाटेतच कचेरी लागते म्हणून बरोबर होत्या, जी वाटेत लागत नव्हती.

काउंटरवरच्या मुलीनं दाखला पुढे केला. नानांनी टोपण काढलं, सही केली. मुलीनं कार्ड काढलं, ताडून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही जुळतेय," ती म्हणाली.

"मग?"

"अगदीच जुळतेय. मागच्या वेळी अशी नव्हती."

ती आत जाऊन साहेबांना घेऊन आली. साहेब तरुण होते, पण आवाज वयस्कर लावत. ते म्हणाले, "आजोबा, माझ्यासमोर आणखी एकदा कराल?"

बाई मध्ये पडायला पुढे झाल्या. पण नानांची मुद्रा पाहून तिथंच थांबल्या. आयुष्यभर ज्या माणसाला लोक सहीसाठी विनवत आले होते, त्याला पुन्हा कोणीतरी विनवत होतं. नानांनी सही केली. मग साहेब काही म्हणायच्या आत खाली आणखी एक केली. मग कागद वळवून उरलेल्या जागेत एक जरा मोठी.

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले. "जुळते." त्यांनी शिक्का मारला आणि स्वतःची सही करायला काउंटरचं पेन ओढलं. ते उमटेना. झटकलं, घासलं, तरी उमटेना. त्यांची नजर नानांच्या हाताकडे गेली.

नानांनी क्षणभर विचार केला. मग टोपण स्वतःच्या मुठीत ठेवून पेन त्यांना दिलं.

साहेबांची सही झाली. पेन परत करताना त्यांनी ते उजेडात फिरवून पाहिलं. "कुठून मागवलंत?"

"घरी होतं," नाना म्हणाले. "सून करते."

हे त्यांनी जरा मोठ्यानं सांगितलं. रांगेतल्या सगळ्यांनी बाईंकडे वळून पाहिलं. एका आजींनी तिथल्या तिथं आपला हात पुढे करून बोटं दाखवली आणि विचारलं, "या असल्या बोटांना होईल का गं?" बाईंनी बँकेच्या बाकावर बसून त्यांचा हात हातात घेतला आणि जाडीचा अंदाज केला. काकू शेजारी उभ्या राहून इपॉक्सी आणि पॉलिएस्टर यांतला फरक रांगेला समजावून सांगत होत्या. बराचसा बरोबर सांगत होत्या.

बाहेर पडल्यावर नाना पायऱ्यांवर थांबले. टोपण नीट लावून पेन त्यांनी खिशाला अडकवलं. ते खिशाला जडच होतं, खिसा लोंबायला लागला. नानांनी तो वर ओढला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "हे बाहेर न्यायला ठीक आहे. घरात वापरायला एक साधं कर. काळं."

"करते, नाना."

"सावकाश कर," ते म्हणाले, आणि काठी काखेत मारून पायऱ्या उतरू लागले.